सांडाचं रीझन

सुपेला, भिलाई
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९८३

आदरणीय भय्याजी यांस,

तुमच्या घरच्या जावयाचा अगदी वाकून नमस्कार. (जावयानं बायकोच्या भावापुढं इतकं वाकू नये म्हंतात, पण सध्या माझी वेळच तशी आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीचं लोणचं यंदा मुरलं का? कमलिनी तुमच्याकडं खुशाल असंलच. इकडं मी बी खुशाल आहो, म्हणजे दोन्ही टाइम खिचडी खाऊन राहिलो, अन् ती रोज खालून लागते.

झालं ते कमलिनीनं तिच्या बाजूनं सांगितलंच असंल, आता माझी बाजू ऐका. आमच्या आपिसात नवे साहेब आले, मोठे शिकलेले, लॉजिकवाले. पहिले आमच्या इथं माणूस लेट आला का एक्सप्लनेशन लिहून दे अन् मोठे बाबू ते न वाचता फायलीत लावून टाकत. सायकल पंक्चर, पोटदुखी, कायबी चालून जाय. (आमच्या देवीदासचा एकच चुलतसासरा दरवर्षी वारते, कोणी हूं का चूं केलं नाही.) साहेबानं ते सारं बंद केलं. त्यायचं म्हणणं, ज्याच्यामुळं झालं ते कॉज, माणसानं मनात धरून केलं ते रीझन, अन् मागून जे सांगत फिरतो ते एक्सक्यूज. तिन्ही वेगळे लिहा, एकात एक कालवू नका.

त्याच हप्त्यात मी लेट झालो. कावून, तर सुपेल्याच्या चौकात सांड आडवा बसला होता अन् त्याच्या दोन्हीकडं ट्रक उभे. मी रीझनच्या खाली 'सांड' लिहून दिलं. कागद वापस आला, त्यावर लाल शाईत साहेबाचं अक्षर: सांड हे कॉज झालं, रीझन असंल तर ते सांडाजवळ असंल. आता कागदावर सवाल पडला का त्याचा जवाब लागतेच (आमचं खातंच तसं आहे), म्हणून चौकशी समिती बसली. बसली म्हणजे खरोखर चौकात सांडाच्या बाजूले खुर्च्या टाकून बसली, मी, देवीदास अन् एक टायपिस्ट. सांड रवंथ करत राहिला. देवीदासनं लिहिलं, संबंधितांनी बोलण्यास नकार दिला. मग ठकूबाई भाजीवालीची साक्ष झाली. ती म्हणे, सडकी गोभी ती तिथंच फेकते, म्हणून तो रोज तिथंच बसते, साऱ्या सुपेल्याले मालूम आहे.

तिथं माझा घात झाला. साहेब म्हणाले, रोज बसते हे मालूम होतं तर सांड आता कॉज बी राहिला नाही, एक्सक्यूज झाला. लवकर कावून नाही निघाले? मी बोलून गेलो का डबा तयार नव्हता. तेव्हाच माझी जीभ झडाले पायजे होती. साहेबानं डब्याचं कॉज विचारणारा कागद काढला, सरळ कमलिनीच्या नावानं. अन् मी असा येडा का तो घरी नेला, मराठीत समजावून सांगितला, वरून सही कर म्हटलं. ती पोळ्या लाटून राहिली होती. तिनं स्टोव्ह बंद केला, हात धुतले अन् बॅग भरली. मी दारात आडवा उभा राहून विचारलं, या कागदापायी चालली का?

"हे कारण आहे का निमित्त," ती म्हणाली, "ते तुमच्या साहेबाले विचारा."

भय्याजी, तेव्हापासून माझी झोप उडाली. कागद हेच कारण असंल तर मी तो स्टोव्हवर धरतो, गोष्ट मिटली. पण तो निमित्त असंल तर कारण दुसरंच काही आहे, अन् ते इतक्या वर्सांत मी तिले कधी विचारलंच नाही. सांडाले मात्र खुर्ची टाकून विचारलं. मले भेव लागून राहिलं.

बाकी सारं ठीक. वहिनीले नमस्कार, पोरायले आशीर्वाद.

तुमचा,
शामसुंदर

ता. क. हे पत्र तुमच्या गुडघ्यासाठी लिहिलं असंच तिले सांगा. पण तिच्या नजरेस पडंल असं ठेवा.

आणखी ता. क. ठेवू बी नका, शुक्रवारी मीच येऊन राहिलो. तिच्यासमोर बसून विचारतो, अन् ती सांगंल ते सारं ऐकून घेतो. तुम्ही फक्त मले दारातून वापस लावू नका. रजेच्या अर्जात रीझन म्हणून 'बायकोले आणायले' एवढंच लिहिलं होतं. साहेबानं लाल पेन उचललं, वाचलं, अन् सरळ सही केली. मी निघालो तर वापस बोलावलं. त्यायची बाई दोन वर्सांपासून माहेरी आहे, हे मले तेव्हा समजलं. हळूच म्हणाले, "क्या बोलने से वापस आती हैं, आके हमको भी बताना।"