तीन गावांची भाषा

मेडनहेड,
१४ नोव्हेंबर १९७१

प्रिय सिमाताई,

शालोम. तुझं पत्र पोचलं. आईचे डोळे गेले तरी कान शाबूत आहेत आणि ती नातीच्या टेपची वाट बघत बसते, हे वाचून गलबलून आलं. उशीर झाला म्हणून तू रागावलीस, तेही बरोबरच. एलिजाची पाठ आता बरी आहे, कामावर जातो. रिवकाला शाळेच्या नाटकात काम मिळालंय.

उशीर का झाला ते सांगते. इस्पितळात माझी ड्यूटी असते त्या वॉर्डात जुमा गुल नावाचा म्हातारा होता, फुप्फुसं कामातून गेलेला. माणूस अफगाणिस्तानच्या डोंगरांतला, नूरिस्तानी. पण सिस्टरने तुमच्याकडचाच म्हणून माझ्या गळ्यात घातला. इंग्लिश लोकांना सुएझच्या पलीकडचे सगळे एकाच आळीतले. आम्ही मोडक्या हिंदुस्थानीत बोलायचो. त्याची स्वतःची भाषा फक्त तीन गावांपुरती. तिथलीही पोरं आता बाजारातली पश्तो घरात आणतात, असं तो चिडून सांगायचा.

आईची मागची टेप मी वॉर्डात नेली होती. घरी ती लावली की रिवका उठून जाते. जुमा मात्र स्टुलावर ताठ बसून शेवटपर्यंत ऐकायचा. त्यांच्याकडे जमिनीवर बसत नाहीत म्हणे. एक शब्द कळत नसे, तरी "माँ?" एवढं विचारायचा. हा आवाज पोस्टाने आला आणि आमचाही असाच परत जातो, हे मीच त्याला सांगितलं.

मग डॉक्टरांच्या ओळखीने लंडनचे एक संशोधक टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्यांना त्याच्या भाषेतले शब्द हवे होते. पाणी, शेळी, अक्रोड. जुमाने सांगितले. आणि मग मशिनला तोंड लावून तो भडाभडा बोलतच सुटला. हसला, रडला, कुणाला तरी दटावलं. संशोधक खूश. मला मात्र कळलं. तो बायकोला निरोप धाडत होता.

"बेटी, बीवी को कब पहुँचेगा?"

"जल्दी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गेल्या मंगळवारी तो गेला. टेप त्याच्या गावी पाठवा, असं सांगायला मी संशोधकांना फोन केला. भले गृहस्थ, पण ते तरी काय करणार. तिथे मशिन कुठलं, म्हणाले. जुमा काय बोलला ते सांगणारंही इथे कुणी नाही, टेप कपाटात जपून ठेवू, असंही म्हणाले.

तरी मला त्यांचा फार राग आला. त्याच रागात घरी येऊन रिवकाला रेकॉर्डरसमोर बसवलं.

ताई, रिवकाला मराठी येत नाही. आम्ही घरात इंग्लिशच बोलतो, तेच सोपं पडतं. सोबतच्या टेपवर ती छान बोलली आहे, आई खूश होईल. पण ती वाक्यं मी इंग्रजी अक्षरांत लिहून दिली आणि तिने पोपटासारखी वाचली. काय वाचलंस ते कळलं का, विचारलं. म्हणाली, "मम, डझ इट मॅटर?"

एवढं कर. टेप संपली की आई बोलायला लागेल. नातीसाठी तिने किती काय साठवलं असेल. बोलू दे तिला मनसोक्त. मशिन चालू आहे म्हणून सांग, पण चालू करू नकोस. ती रिवकाला काय म्हणाली, हे एकटीने ऐकायची माझ्यात ताकद नाही.

कधी पोचेल म्हणून तिने विचारलं, तर लवकरच म्हण.

तुझी,
ज्युडिथ