माझ्या नमुन्यात खडे कोण घालतंय

४ जून
आज पुन्हा! कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावरून घेतलेल्या कोळशाच्या नमुन्यात पांढरे खडे आणि सोनेरी चमकणारे तुकडे. कोळसा काळा असतो. बाकीचं कोणीतरी घातलंय. संशय गॅसिफायरवरच्या, म्हणजे कोळशाचा गॅस करणाऱ्या भट्टीवरच्या, स्कोसानावर. आमचे मोठे नमुनेदार (नमुने घेणाऱ्यांचे प्रमुख) निवृत्त होतायत आणि त्या जागेवर त्याच्या भाचीचा, लिंदिवेचा, डोळा आहे. ती जागा माझी आहे.

५ जून
परके तुकडे निवडून काढले, मगच नमुना तपासायला दिला. बायको म्हणाली, घरी घेवडा निवडायला सांगितला की दुखते ती हीच का कंबर?

११ जून
नमुन्यात राख एकदम कमी! कारखान्याचे नॉर्टिए साहेब खूश. म्हणाले, अशी राख सहज वितळायची नाही, भट्टी थंड ठेवायला सोडतो ती वाफ कमी करू. जागा माझीच. नवे बूट बघून आलो.

१३ जून
स्कोसाना आला. मला म्हणे, मासिलेला बाबा, खाली राखेची ढेकळं पडतायत, नमुना नीट घेता ना? चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, तुझ्या मनापेक्षा स्वच्छ घेतो. तो हसला. का हसला? वर मला त्याच्या डब्यातला अर्धा वेटकूक, तळलेला पाव, दिला. खाल्ला नाही. (नंतर खाल्ला. आमच्याकडे जूनमध्येच हिवाळा, थंडी फार होती.)

१८ जून, दुपारी
गॅसिफायर बंद. राख आत वितळून दगड झालीय, खालची जाळी अडकली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. वेळ आली! उभं राहून सांगितलं की घातपात मी एकटा रोखतोय, परके खडे रोज हाताने वेचून काढतोय. टाळ्यांसाठी थांबलो. साहेब मटकन खाली बसले. म्हणाले, अरे, पांढरी ती चुनखडी, सोनेरी ते लोखंड आणि गंधक. त्यांनीच राख लवकर वितळते. तेच मोजायला तुला ठेवलंय!

२१ जून
मला खाणीत नेलं. कोळशाच्या भिंतभर पांढरे पट्टे, मध्ये सोनेरी ठिपके. स्कोसाना म्हणाला, काय बाबा, हे मी कधी घातले? सगळे हसले. मी नखाने खरवडून पाहिलं. निघेना. फार लाज वाटली.

२ जुलै
लिंदिवे मोठी नमुनेदार झाली. मी स्कोसानाच्या हाताखाली, भट्टीतले दगड फोडतो. आज त्याने राख, चुनखडी सगळं वितळून एक झालेला हिरवट, काचेसारखा तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाला, बाबा, आता निवडून दाखवा.
जेवणाच्या सुट्टीत प्रयत्न केला.