अंगणातली पाटी आणि पूर्ण विश्वास

आदरणीय हार्लनदादा यांना,

ल्यूथरचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य तुमच्या बहिणीला, डेल्फीनला, वाचून दाखवलं. तिने 'खुशाल'पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.)

शनिवारी आम्ही पुन्हा हरलो, हे तुम्हाला कळलंच असेल. अलाबामात बारशाची बातमी उशिरा पोचेल, फुटबॉलची नाही. हरल्याचं मला काही वाटत नाही. आमचा बचाव उत्तम होता, फक्त चेंडू त्यांच्याकडे असताना जरा कमी पडला. पण रविवारी चर्चहून परतलो, तर अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी! कॉलेजचा संघ हरला की प्रशिक्षकाच्या हिरवळीवर पाटी रोवून जायचं, ही गावकऱ्यांची जुनी रीत. मी ती उपटली नाही. उपटली तर मी घाबरलो असं झालं असतं. उलट पाटीभोवतीचं गवत नीट कापलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात केला.

सोमवारी मात्र मोबिलहून एक जोडपं खरंच घर बघायला आलं. (त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. असे लोकही असतात.) मी त्यांना वाटेला लावणार, तोवर डेल्फीनने त्यांना आत नेलं, बर्फ घातलेला गोड चहा पाजला, स्वयंपाकघर दाखवलं. बाईंना परसातलं पेकनचं रोप फार आवडलं. तेव्हा डेल्फीन म्हणाली, "ते मी लावलंय. अक्रोडाच्या जातीचं झाड, फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणून आजवर कुठल्याच गावात लावलं नव्हतं. हे घर विकायचं नाही. आम्ही इथून हलणार नाही."

मी छाती पुढे काढून म्हटलं, "ऐकलंत ना?"

"आम्ही म्हणजे मी आणि रोप," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

आता तुमच्या त्या सल्ल्याबद्दल. नाताळात तुम्ही म्हणालात, की कॉलेजचा नाद सोड आणि इथल्याच शाळेत पोरांना खेळ शिकव, मुख्याध्यापक पिकेन्स तुमचे जुने मित्र आहेत. दादा, मी घामट सदरे धुण्यापासून वर आलोय. कोच होण्याआधी कितीतरी वर्षं ऑफिसातल्या कोचावर झोपलोय. मग चेंडू हाताने झेलून पळणाऱ्या खेळाडूंना शिकवलं, मग सगळं आक्रमण माझ्याकडे आलं, आणि आता कुठे मुख्य झालो. प्रत्येक पायरीला एक नवं गाव. (आणि प्रत्येक गावात डेल्फीनची सोडलेली एक नोकरी, हे ती आठवण करून देते म्हणून लिहितो.) इतकं चढून आता पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायला मी जन्मलेलो नाही. पिकेन्ससाहेबांना माझा नमस्कार सांगा आणि नकारही.

शिवाय काल आमच्या क्रीडा संचालकांनी पेपरात जाहीर केलं, की प्रशिक्षकांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. नवे पाद्रीबाबा बिचारे अभिनंदन करायला आले. मी त्यांचा हिरमोड केला नाही. हा पूर्ण विश्वास मला याआधी दोन गावांत मिळालाय, आणि दोन्हीकडे त्या आठवड्यातच ऑफिसचं कुलूप बदललं. पण या खेपेला ल्यूथर हटणार नाही. करारावर सही आहे, आणि शिट्टी अजून माझ्याच गळ्यात आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा न डगमगणारा,
ल्यूथर

ता. क. शुक्रवारी तुमचा ट्रक मोकळा आहे का? सहज विचारतो.

ता. क. २. डेल्फीनने पत्र वाचलं. ट्रक कशाला म्हणते, तुमची छोटी गाडी पुरे. सामान माझं एकट्याचंच जायचंय.

ता. क. ३. गाडीही नको. पिकेन्ससाहेबांना तेवढा माझा नमस्कार सांगा, नकार सांगू नका. मी पाटी उपटली. घाबरून नव्हे, पेकनच्या रोपाला आधाराला काठी हवी होती. रोप माझ्याच बुटाच्या नाडीने बांधलंय, आणि गाठ पक्की बसलीय असं डेल्फीन स्वतः म्हणाली.