अण्णांचा खराटा

अण्णा, त्या लग्नात मी पाहुण्याचे दोन दात पाडले, तेव्हा तुम्ही आलात ते मला वाचवायला नव्हे, हाणायला. सांगलीतलं कार्यालय, दारात माझी बारा फुटी रांगोळी, नवरा-नवरीचे चेहरे. सकाळपासून उकिडवा बसून मी नवरीच्या नथीचा मोती साधत होतो. आणि नवऱ्याचा मामा फोनवर बोलत सरळ तिच्या गालावरनं चालत गेला. वर मागं वळून म्हणतो काय, "मातीच हाय की रं, परत टाक." हातात रंगाचा पत्र्याचा डबा होता, तोच त्याच्या तोंडावर घातला. एकदा नव्हे. तो खाली पडल्यावरही घातला. पांढऱ्या रांगोळीत रक्त कालवलं, आणि खरं सांगतो, मला लय बरं वाटलं.

कुणीतरी तुम्हाला फोन केला. मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावरनं तुम्ही तसेच आलात, अंगभर हळद. आधी त्या मामाच्या पाया पडलात. मग सगळ्यांदेखत माझ्या कानफटात अशी ठेवून दिलीत की कान दोन दिवस वाजत होता. खराटा हातात देऊन म्हणालात, "पूस." मी म्हटलं, "न्हाई पुसणार. ते माझं हाय." खराट्याचा बुडखा पाठीत बसला. "तुझं आसंल, पर ती म्हंजी तू न्हाईस! रोज सांजच्याला पुसायची चीज, तिच्यावर पाय पडला म्हणून माणूस मारतुस व्हय रं? उद्या पोटबी तिच्यावरच टाकशील, मग जो तो तुझ्या नरड्यावर पाय देतोय आसं वाटंल तुला."

रांगोळी मला तुम्हीच शिकवलीत, पण स्वतः तिचा एक पैसा कधी घेतला नाहीत, पोट हळदीच्या पोत्यांवर. त्याच महिन्यात ओळख काढून मला साताऱ्याच्या कारखान्यात लेथवर चिकटवलंत. मनातल्या मनात मी तुमचा मुडदा बशिवला. पण अजून तिथंच आहे. साहेब मापात नाही म्हणून मी कातलेला जॉब भंगारात भिरकावतो, मी दुसरा लोखंडी तुकडा लावतो, डबा खातो, घरी येतो. त्याच्यावर कधी हात उचलला नाही. सुट्टीला रांगोळी काढतो. लोक म्हणतात, अण्णांनी ह्याला माणसात आणलं.

लोकांना तुमच्या तेराव्याचं ठाऊक नाही. तुमच्या अंगणात मी तुमचाच चेहरा काढला होता. पाहुणे गेल्यावर, दिवस कलता कलता काकू तुमचा खराटा घेऊन आल्या. "बास झालं रं. ह्ये आसते तर त्यांनीच पुसली आसती." मी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगळलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकला अण्णा, तरी सोडलं नाही. "आरं सोड, मी हाय!" अशा त्या किंचाळल्या तेव्हा कुठं हात सुटला. मग मीच पुसलं, तळहातानं. डॉक्टरला काकूंनी सांगितलं, पाय घसरून पडले.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. दर महिन्याला मी साताऱ्याहून काकूंकडं येतो, आणि त्या शेजारणींना सांगतात, पोटच्या पोरागत करतो. चहाचा कप अजून डाव्या हातानं देतात. हे त्यांना वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसलो होतो. नाही दाखवणार, तेवढी छाती नाही माझी.

परवा त्या म्हणाल्या, "लय दिस झालं, अंगणात काढ की कायतरी." मी म्हटलं, "काकू, गुडघं दुखत्यात." गुडघ्यांना काही झालेलं नाही, अण्णा. त्या अंगण झाडत होत्या, आणि त्यांच्या हातात खराटा होता.