उजवा बॉक्स खराब नाही

बाबा,

स्पीकरचा उजवा बॉक्स पुन्हा खोलू नका, पेचकस मी सोबत नेला आहे. जठारपेठेतल्या मेकॅनिकनं दोनदा सांगितलं की बॉक्स ठणठणीत आहे, तर तुमी त्यालेच अनाडी ठरवून आले. म्हणून सोमवारी तुमी बाजारात गेल्यावर मी दोन्ही बॉक्सची अदलाबदल केली. संध्याकाळी गाणं लावून तुमी म्हणाले, "रागिणी, उजवा अजूनही बंदच आहे." मले तर दोन्ही नीट ऐकू येत होते.

बाबा, बॉक्स बंद नाही. तुमचा उजवा कान बंद आहे.

दिवाळीपासून मी काही विचारलं की तुमी उत्तरच देत नव्हते. मले वाटलं, मी नोकरी सोडली म्हणून राग धरून आहात. मग मीही तोंड फुगवून बसली. माझी खुर्ची तुमच्या उजवीकडे आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझी आहे.

कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावायले चालली आहे. अकराले तयार राहा. "मले काही झालं नाही" म्हणाल, तर ते मले ऐकू येणार नाही.

माझी खुर्ची डावीकडे सरकवली आहे. दिवाळीपासूनचं सगळं पुन्हा विचारीन.

रागिणी