केसरबाईंचं विरजण

१० नोव्हेंबर, सोमवार
डोणगावला पोचले. निवृत्तीनंतर घरी बसून भाजी निवडण्यापेक्षा हे बरं. गावाबाहेर चांदीच्या भांड्यांचा कारखाना आहे; भांडी धुतलेल्या पाण्याची टाकी आजपासून माझ्या ताब्यात. पाण्यात विरघळलेली चांदी दिसत नाही, पण बारीक जिवांना मारते. या टाकीतले जंतू मात्र मरत नाहीत. ते ती चांदी पकडतात आणि तिचे अतिसूक्ष्म कण करून अंगावर बाळगतात. तेवढ्याने त्यांच्यापुरतं विष उतरतं. पाणी आधी पिवळं, मग कोऱ्या चहासारखं होतं. जन्मभर हे फळ्यावर शिकवलं. आज डोळ्यांनी पाहिलं. खोली स्वच्छ आहे, खिडकीत कडुनिंब आहे. रविवारी मनाली नातीला, समीक्षाला, घेऊन येणार. उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा इथूनच घेतला. आजोळचा मान.

१२ नोव्हेंबर
कामगारांची वस्ती तुसडी आहे. मी दिसले की बाया तोंडावर पदर ओढतात. दिवसभर चांदी हाताळणाऱ्या बाया, पण एकीच्याही पायात जोडवी नाहीत. शेजारच्या केसरबाईंकडे विरजण मागायला गेले. विरजणाला कोणी नाही म्हणत नाही, ही आपली रीत. त्यांनी दारातच अडवलं. म्हणाल्या, "दही गावातून आना. इथचं भेटनार नाही." कारण विचारलं तर म्हणाल्या, "शिकलेल्या हाये ना तुमी? मंग एकडाव सांगतलेलं समजत नाही काय?"
असलं बोलणं मी कॉलेजात प्राचार्यांचंही ऐकून घेतलं नाही.

१४ नोव्हेंबर
केसरबाई नळावर होत्या. मी सरळ आत गेले. काळपट चांदीच्या भांड्यात दही लावलेलं होतं, त्यातलं चमचाभर घेतलं. चोरी म्हणा, मी तिला अद्दल म्हणते. बाहेर पडताना गाठ पडलीच. वाटलं, भांडतील. त्या पहिल्यांदाच हसल्या. हिरड्या राखाडी.
"घेतलं ना? मंग सांभाळा आता."
नळावरची दुसरी म्हणाली, "भरती झाली बाप्पा एक." सगळ्या हसल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
सुरीने कापावं असं दही लागलं. समीक्षाने नव्या वाटीत दहीभात खाल्ला आणि वाटी चाटत बसली. काढून घेतली तर रडून घर डोक्यावर घेतलं. मनालीने डबीतून विरजण बुलढाण्याला नेलं. वस्तीतल्या बाया त्यांची रिक्षा जाईपर्यंत उभ्या होत्या. या वेळी कोणी पदर ओढला नाही.

२८ नोव्हेंबर
नखांच्या मुळाशी निळसर कोर दिसते. हातमोजे फाटके दिले म्हणून सुपरवायझर शालिग्राम यांना झापलं. ते म्हणाले, हातमोज्यांवर काऊन राग काढता? मग शांतपणे सांगितलं, की माझ्या आधीच्या साहेबांचे जंतू टाकीत टिकतच नव्हते. शेवटी त्यांनी केसरबाईंचं दही टाकलं. त्या घरात पिढ्यान्पिढ्या चांदीच्या भांड्यात दही लागतं. ते जगलं.
ते साहेब आता कुठे आहेत, असं विचारलं. शालिग्रामांनी वस्तीकडे बोट दाखवलं. ओट्यावर सावलीत बसलेला तो माणूस. चेहरा शिशासारखा. मी त्याला रोज पाहत होते.

१ डिसेंबर
दह्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काड्यांसारखे जंतू, प्रत्येकाच्या अंगावर काळे ठिपके. टाकीतलेच. आंबट दही भांड्याची चांदी सोडवतं, हे तिचे कण करतात. त्यांचं विष उतरतं, आपलं नाही. पोटात कण पुन्हा विरघळतात, कातडीत जाऊन बसतात, उन्हाने काळवंडतात. मग जात नाहीत.
समीक्षाची वाटी.
लगेच फोन केला. मनाली म्हणाली, तिला त्या वाटीशिवाय घास उतरत नाही. वर विचारलं, चांदी खरी होती ना आई, वाटी हलकी लागतेय. दही फेक, वाटी फेक, असं बजावलं. हो म्हणाली. एवढ्याशा जिवाची कातडी ती केवढी.

४ डिसेंबर
शालिग्रामांशी बोलताना ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. गळ्यातली चांदीची साखळी माझ्या तोंडात होती. केव्हापासून, ते आठवत नाही. कडी झिजून दोऱ्यासारखी झाली आहे. जोडवी कुठे गेली, ते आता कोणाला विचारायला नको.
केसरबाई खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "कशी लागते मॅडम?"
मी खिडकी लावून घेतली. गोड लागते.

६ डिसेंबर
मनाली फोन उचलत नव्हती. दुपारी उचलला. वाटी फेकली का? तिने विषय बदलला. मग सांगितलं, की वाटीचा तळ गेला, पोर आता काठ चोखते — हिरड्या निळ्या — डॉक्टरांकडे ने, आत्ताच्या आत्ता — ने म्हणते मी —
ती हो हो म्हणत होती. बोबडं. तोंडात काहीतरी होतं. दातांवर चमचा वाजला.
साखळी संपली.
बाहेर सगळ्या बसल्या आहेत, वाट पाहत. जागा ठेवली आहे.
पुन्हा फोन लावला. फेकून दे, नदीत फेक, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. मनाली म्हणाली, आई, अर्धी उरली आहे. आणि मी म्हणाले, माझ्यासाठी थोडी —