तिसऱ्या शेऱ्याचं उत्तर

मावशी,
काकांच्या डोळ्यांत सकाळचे थेंब घातलेत, दुपारचे तू घाल. मी लॅबवर चाललेय. माझ्या संशोधनाच्या अनुदान-प्रस्तावावर परीक्षकांनी जे शेरे मारलेत, त्यांना आज पाचपर्यंत उत्तरं द्यायचीत.

पहिले दोन ठीक आहेत. तिसऱ्यात विचारलंय, फ्रीज बंद पडून मातीचे अकरा नमुने वाया गेले, त्यांचं काय? प्रस्तावात मी फ्रीजबद्दल चकार शब्द काढलेला नाही. रडले होते ती फक्त तुझ्यापाशी, याच ओट्याजवळ.

लपवलं ही माझी चूक. उत्तरात ती कबूल केलीये. पण परीक्षक माझी सख्खी मावशी आहे, हे समितीला तू कळवतेस की मी कळवू? पाचपर्यंत फोन चालू ठेवतेय.